मंजूर भार

काही शब्द मराठीत एका जागी स्थिर बसत नाहीत. ‘भार’ हा त्यांपैकी एक. पुराणकथांत तो भूमीला होतो आणि हलका करण्यासाठी अवतार घ्यावे लागतात. रानातून परतणाऱ्या बाईच्या डोक्यावर तो लाकडांचा ‘भारा’ होतो. मांत्रिक पाणी ‘भारतो’, श्रोता व्याख्यानाने ‘भारावतो’, आणि व्याख्यान संपल्यावर कोणीतरी उठून जे मानतो त्या ‘आभारां’तही त्याचा नाद ऐकू येतो. कचेरीत हाच शब्द ‘कार्यभार’, ‘प्रभारी’, ‘अतिरिक्त कार्यभार’ अशा रूपांनी खुर्चीवर बसतो. आणि दर महिन्याला घरी येणाऱ्या वीजबिलावर, बहुतेकांच्या नजरेतून निसटणाऱ्या एका चौकटीत, तो ‘मंजूर भार’ म्हणून छापलेला असतो. प्रस्तुत लेख या शेवटच्या भाराविषयी आहे. परंतु बाकीचे भार त्याच्यापासून वेगळे काढता येतील असे मला वाटत नाही.

मी व्यवसायाने विद्युत अभियंता. मुंबईलगतच्या एका महानगरपालिकेत गेली काही वर्षे नोकरी करते. महाराष्ट्राचे विद्युत वाहन धोरण जुलै २०२१ मध्ये आले. शासकीय वापरासाठी घ्यायची नवी वाहने विजेवरचीच असावीत, असे त्यात होते. त्यासाठीची एप्रिल २०२२ ही मुदत पुढे अलीकडे ओढून १ जानेवारी २०२२ अशी जाहीर झाली. धोरण वरून खाली येताना त्याचा कागद होतो आणि कागद शेवटी कोणाच्या तरी टेबलावर थांबतो. आमच्याकडे तो माझ्या टेबलावर थांबला. पालिकेच्या वाहनांसाठी चार्जर बसवण्याच्या कामाचा ‘अतिरिक्त कार्यभार’ मला मिळाला. सहकारी म्हणाले, ‘मॅडमना चार्जिंगचा चार्ज मिळाला.’ हा विनोद पुढे वर्षभर पुरला.

विनोद वाटतो तितका उथळ नाही. इंग्रजी ‘चार्ज’ या शब्दाचे मूळ उत्तरकालीन लॅटिनमधील एका क्रियापदात आहे, आणि त्या क्रियापदाचा अर्थ होता गाडीत ओझे भरणे. ते क्रियापद ज्या नामापासून आले ते नाम गाडीचे. आजचा ‘कार’ हा शब्दही त्याच कुळातला. म्हणजे जबाबदारी, आरोप, आकार आणि विद्युतभार असा लांबचा प्रवास करून हा शब्द पुन्हा गाडीपाशीच येऊन थांबला. मराठीने मात्र या शब्दाला आधी कचेरीत घेतले, मग बॅटरीत. आमच्या पिढीने ‘चार्ज देणे-घेणे’ हे बदलीच्या संदर्भात ऐकले आणि नंतर मोबाईलच्या.

हे सारे मी प्रथम कळवले ते गावच्या गुरुजींना. माझे गाव मंडणगड तालुक्यात. रत्नागिरी जिल्ह्याचे हे उत्तरेकडचे टोक. सावित्री ओलांडली की रायगड जिल्हा. गुरुजींनी मला पाचवी ते सातवी मराठी शिकवले. आता ते निवृत्त आहेत, नजर अधू आहे, पण शब्दांविषयीचा त्यांचा जुना हट्ट कायम आहे. फोनवर त्यांनी विचारले, ‘बाय, कागदोपत्री काय म्हणतेस? चार्जर?’ मी म्हटले, ‘निविदेत ‘प्रभारण केंद्र’ लिहिले आहे, गुरुजी.’ ते थोडे थांबून म्हणाले, ‘ड्रायव्हर काय म्हणतात?’ मी म्हटले, ‘ते म्हणतात, गाडी लावली.’ गुरुजी खूश झाले. ‘मग झाले की मराठी!’

रत्नागिरीचा आणि अशा शब्दांचा संबंध जुना आहे. सावरकर १९२४ ते १९३७ या काळात रत्नागिरीत स्थानबद्ध असताना भाषाशुद्धीचा आग्रह धरत होते, आणि ‘महापौर’ हा आज प्रत्येक महानगरपालिकेच्या पाटीवर असलेला शब्द त्यांचाच. ‘महापौर’ रुजला, कारण त्या पदाला लोकांच्या तोंडी दुसरे नाव नव्हते. ‘प्रभारण’ रुजेल असे दिसत नाही. कारण लोकांनी आधीच ‘गाडी लावणे’ हे क्रियापद शोधून काढले आहे. गाय गोठ्यात बांधावी, होडी किनाऱ्याला लावावी, तशी गाडी भिंतीला लावायची. त्यात दिवसाचे काम संपल्याचा अर्थ आपसूक येतो.

आता प्रत्यक्ष कामाविषयी. चार्जर बसवणे म्हणजे भिंतीवर यंत्र टांगणे, अशी बहुतेकांची कल्पना असते. यंत्र टांगायला एक दुपार पुरते. खरे काम त्या यंत्राच्या मागे असते. इमारतीचा मंजूर भार किती, त्यातला वापरात किती, उरला किती. रोहित्राची क्षमता किती. केबल किती जाडीची आणि ती कोणत्या रस्त्याने न्यायची. अर्थिंगचा खड्डा कोठे घ्यायचा. पावसाळ्यात आवारात पाणी साचते ती पातळी कोणती. या प्रत्येक प्रश्नाला एक कागद असतो. अंदाजपत्रक, तांत्रिक मान्यता, प्रशासकीय मान्यता, निविदा, कार्यादेश, विद्युत निरीक्षकांची तपासणी, मोजमाप पुस्तिकेतील नोंद. साहित्याच्या विद्यार्थ्यांना ही यादी रुक्ष वाटेल. पण एखाद्या समाजाने आपल्यातला अविश्वास किती बारकाईने शब्दांत बांधून ठेवला आहे हे पाहायचे असेल, तर सरकारी फाईलसारखा संहितेचा नमुना मिळणे कठीण.

आमच्या आवारात पहिल्या टप्प्यात चोवीस वाहने यायची होती. अधिकाऱ्यांसाठी ८ मोटारी आणि सफाई विभागासाठी १६ तीनचाकी घंटागाड्या. मोटारीला ७.४ किलोवॉटचा चार्जर आणि घंटागाडीला ३.३ किलोवॉटचा. गणित सोपे आहे. आठ मोटारींचे ५९.२ किलोवॉट, सोळा घंटागाड्यांचे ५२.८ किलोवॉट, मिळून ११२. एका साध्या घराचा मंजूर भार ३ किलोवॉट धरला, तर ही सदतीसहून अधिक घरांची मागणी झाली. नवे रोहित्र बसेपर्यंत आम्हाला चार्जरसाठी मिळू शकत होते ६० किलोवॉट.

फाईलवर जो पहिला प्रस्ताव तयार झाला तो वाचण्यासारखा होता. ‘अधिकारी वाहनांकरिता आवश्यक भार ५९.२ किलोवॉट असून तो उपलब्ध भारात सामावतो. सबब प्रथम टप्प्यात सदर वाहनांकरिता व्यवस्था करण्यात यावी. घंटागाड्यांबाबत रोहित्र कार्यान्वित झाल्यानंतर द्वितीय टप्प्यात विचार करता येईल.’ या तीन वाक्यांत कोणाविषयीही वाईट शब्द नाही. कोणी कोणाला हलके लेखलेले नाही. केवळ एक बेरीज आहे, आणि ती बरोबर आहे. ‘सबब’ हा जुना, फारशीतून आलेला शब्द मात्र त्या बेरजेला न्यायाचा आव देतो. आठ गाड्यांचा आकडा साठात बसतो, हे खरे. पण सोळा गाड्यांचाही बसतो, आणि जास्त सैलपणे बसतो. मग ‘सबब’ कोठून आले?

दरम्यान घंटागाड्या आलेल्याच होत्या. नव्या कोऱ्या, हिरव्या पट्ट्याच्या. त्या आवाराच्या मागच्या बाजूला ओळीने उभ्या होत्या. त्यांतल्या दोन पहारेकऱ्याच्या खोलीतल्या पंख्याच्या प्लगवर कशाबशा भरल्या जात. बाकी चौदा उभ्याच. वस्त्यांमधून कचरा हातगाडीने ओढून आणणे चालूच होते. सकाळी कामावर येताना मी त्या उभ्या गाड्यांच्या शेजारून हातगाड्या जाताना पाहत असे.

विजेची वाहने ही या शतकाची नवलाई आहे असे आपण बोलतो, तेही पूर्णपणे खरे नाही. मुंबईत ९ मे १८७४ रोजी घोड्यांची ट्राम धावली आणि ७ मे १९०७ रोजी विजेची. तिच्यासाठी वाडीबंदरला कोळशावर चालणारे वीजकेंद्र १९०५ मध्येच उभे राहिले होते. विजेची ट्राम ३१ मार्च १९६४ पर्यंत चालली. मध्यंतरी १९६२ ते १९७१ या काळात ट्रॉलीबसही येऊन गेली. माझे थोरले चुलते तेव्हा बेस्टमध्ये वाहक होते. वरच्या तारेवरून दांडी निसटली की बस रस्त्यात कशी निपचित होई, याची नक्कल ते गणपतीत गावी आले की करून दाखवीत. कोकणातल्या घरांत मुंबईची वीज अशी गोष्टींतून पोहोचली होती. पुढे १ जून १९४८ रोजी पुणे ते अहमदनगर या ज्या मार्गावर एसटीची पहिली गाडी धावली होती, त्याच मार्गावर १ जून २०२२ रोजी ‘शिवाई’ ही एसटीची विजेवरची बस सुरू झाली. पुण्याच्या पीएमपीएमएलच्या ताफ्यात त्या बसगाड्या २०१९ मध्येच आल्या होत्या. मोठ्या वाहनांना जागा, रोहित्रे, स्वतंत्र आगारे मिळतात. त्यांचे उद्घाटन होते. घंटागाडीचे उद्घाटन झाले तरी तिच्या प्लगचे होत नाही.

वीज कोठून येते आणि कोणाच्या वाट्याला येते, ही दोन भूगोलांची गोष्ट आहे. कोयनेचे अडवलेले पाणी सह्याद्रीच्या पोटातून पश्चिमेकडे आमच्याच जिल्ह्यात, चिपळूण तालुक्यातल्या पोफळीला उतरते. या प्रकल्पाची एकूण क्षमता १,९६० मेगावॉट. मात्र ३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ चक्रीवादळ श्रीवर्धनजवळ किनाऱ्यावर आदळले आणि त्याने दापोली-मंडणगडचे खांब आडवे केले, तेव्हा आमच्या वाडीत दिवा लागायला महिना उलटला. आंब्या-फणसांची, सुपारीची पिढ्यांची झाडे खांबांच्या तारांवर पडली होती. टाळेबंदीमुळे मला जाता येत नव्हते. आईचा फोन चार-पाच दिवसांनी एकदा लागे, आणि तो दीड मिनिटांचा असे.

तो दीड मिनिट कसा मिळतो, हे मला नंतर समजले. वाडीत लग्नाच्या मांडवाला लावायचे एक डिझेलचे जनरेटर होते. संध्याकाळी ते दोन तास चालवीत. त्याच्या भोवती वाडीतले सारे फोन. सॉकेट मोजके, डिझेल मोजकेच. ते महाडहून किंवा खेडहून आणावे लागे. पहिल्या संध्याकाळी ज्याचा हात आधी पोहोचला त्याचा फोन लागला. दुसऱ्या दिवसापासून क्रम ठरला. ज्याचे माणूस मुंबईत रुग्णालयात आहे त्याचा फोन आधी. मग ज्या घरात बाळंतीण किंवा आजारी आहे त्याचा. मग ज्यांचे मुलगे बाहेरगावी आहेत त्यांचा. आणि जनरेटरच्या मालकाचा सर्वांत शेवटी, कारण त्याला फोन यायचे ते बहुतेक पैशांसाठीच, असे तो स्वतःच म्हणे. हा क्रम कोणी लिहिला नव्हता. त्याला मान्यता, कार्यादेश, मोजमाप काही नव्हते. वाडी फार सद्गुणी आहे असे मी म्हणणार नाही. बांधाच्या हातभर जागेसाठी तिथे वीस-वीस वर्षे दावे चालतात. पण ज्यांनी उन्हाळ्यात विहिरीवर हंड्यांची रांग लावली आहे, त्यांना ‘पाळी’ म्हणजे काय हे शिकवावे लागत नाही. थोड्या गोष्टीची वाटणी करताना प्रश्न ‘किती आहे’ एवढाच नसतो. ‘कोणाला केव्हा लागते’ हाही असतो.

नेमके हेच आमच्या आवारात घंटागाडीवरच्या एका वयस्क चालकाने मला सांगितले. त्यांना सगळे मामा म्हणतात. प्रस्तावाची बातमी त्यांना लागली होती. ते म्हणाले, ‘मॅडम, आमची गाडी पहाटे सहाला निघणार, साहेबांची दहाला. घरात पहाटे ज्याला शेतावर जायचे त्यालाच रात्री आधी वाढतात ना?’

मी त्या दिवशी संध्याकाळी गणित पुन्हा मांडले. मोटार दिवसाला साधारण ५० किलोमीटर फिरते, तिला सात-आठ युनिट वीज लागते, ७.४ किलोवॉटच्या चार्जरवर ती सुमारे तासाभरात भरते. घंटागाडीची बॅटरी साधारण १० युनिटांची. ती पूर्ण रिकामी झाली तरी ३.३ किलोवॉटवर साडेतीन तासांत भरते. म्हणजे सोळाही घंटागाड्या रात्री साडेआठला लावल्या तर मध्यरात्रीपर्यंत मोकळ्या होतात. त्यानंतर आठही मोटारी लावल्या तर दोनच्या आत संपतात. दोन्ही गट एका वेळी चालू होऊ नयेत यासाठी मध्ये एक चेंजओव्हर स्विच आणि घड्याळ बसवले की झाले. पहिला गट ५२.८, दुसरा ५९.२, दोन्ही साठच्या आत. रोहित्राची वाट पाहण्याची गरजच नव्हती. कमतरता विजेची नव्हती, क्रमाची होती.

मात्र हे फाईलवर मांडायचे कसे? ‘ज्याला लवकर निघायचे त्याला आधी’ हे वाक्य टिपणीत चालत नाही. ‘न्याय’ हा शब्द तर अभियंत्याच्या टिपणीत आला की वरचे अधिकारी चष्मा काढून पाहतात. मी लिहिले : ‘उपलब्ध भाराचे कालविभाजन केल्यास दोन्ही गटांतील वाहने सध्याच्या मंजूर भारातच चार्ज करता येतील. क्रम वाहनाच्या प्रस्थान वेळेनुसार ठेवणे तांत्रिकदृष्ट्या इष्ट राहील.’ ‘तांत्रिकदृष्ट्या’ हा शब्द मी जाणून लिहिला. फाईलच्या भाषेत नैतिक गोष्ट सांगायची असेल तर तिला तांत्रिक वेष चढवावा लागतो. मराठी समीक्षेत आपण ‘आशय आणि अभिव्यक्ती’ यांवर पुष्कळ लिहिले आहे. पण जिथे आशय उघड सांगितला तर नाकारला जातो आणि अभिव्यक्तीत लपवला तर मंजूर होतो, अशा लेखनप्रकाराकडे आपले लक्ष गेलेले नाही.

आक्षेप आलाच. रात्री अचानक एखाद्या अधिकाऱ्याला बाहेर पडावे लागले तर? आक्षेप खोटा नव्हता. शहरात आग लागते, नाला फुटतो, इमारत कोसळते. घंटागाड्या लागलेल्या असताना एक मोटार लावली तर भार होतो ६०.२. मर्यादेपेक्षा ०.२ जास्त. म्हणजे आणीबाणीच्या एका मोटारीसाठी एक घंटागाडी काढून ठेवावी लागणार. त्या शून्य दशांश दोनवर दोन बैठका झाल्या. शेवटी ठरले की काढलेली गाडी मोटार भरून होताच पुन्हा लावायची आणि तशी नोंद पहारेकऱ्याने वहीत करायची. कोणती गाडी काढायची हे कागदावर ठरले नाही. ते चालकांवर सोपवले. त्यांनी भिंतीवर खडूने सोळा रकाने आखले आणि रोज एक गाडी पुढे सरकेल असा फेरा लावला. ज्याच्या रकान्यात खूण, त्याची गाडी त्या रात्री काढायची झाली तर काढायची. मंजुरी आली ती ‘प्रायोगिक तत्त्वावर, तीन महिन्यांकरिता’.

आता दोन माणसांविषयी लिहावेसे वाटते. कारण ती दोघेही, वेगवेगळ्या अर्थांनी, माझ्या तालुक्यातली आहेत. समुद्रकिनाऱ्यावरचे वेळास, जे आता ऑलिव्ह रिडले कासवांसाठी ओळखले जाते, ते नाना फडणविसांचे मूळ गाव. आणि आंबडवे हे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे मूळ गाव. त्यांचा जन्म १८९१ मध्ये महूला झाला, पण मूळचे आडनाव या गावावरून. फडणवीस म्हणजे हिशेब आणि दफ्तर राखणारा. माझी नोकरी ही त्याच परंपरेतली. जमा-खर्च जुळवणे, दफ्तर नीट ठेवणे. हिशेबाशिवाय कोणतेही राज्य, कोणतीही पालिका चालत नाही, आणि हिशेबाला तुच्छ लेखणाऱ्या लेखकांचा मला कंटाळा आहे. परंतु हिशेब कोणासाठी मांडायचा, हे हिशेब स्वतः सांगत नाही.

ते सांगायला दुसरी परंपरा लागते. मंडणगडहून महाड फार दूर नाही. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले असावेत असा सीताराम केशव बोले यांचा ठराव मुंबई विधिमंडळाने १९२३ मध्ये संमत केला. महाडच्या नगरपालिकेने त्याला अनुसरून १९२४ मध्ये चवदार तळे खुले केल्याचा ठराव केला. म्हणजे तळे कागदावर खुले होते. मंजुरी होती, दफ्तरात नोंद होती, सह्या होत्या. पाणी मात्र मिळत नव्हते. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांना हजारो माणसांसह तिथे जाऊन ओंजळ भरावी लागली ती नगरपालिकेचा अगोदरच झालेला ठराव खरा करण्यासाठी. त्यानंतरही उच्च न्यायालयाचा निकाल यायला १९३७ साल उजाडले. भारतातल्या स्थानिक स्वराज्य संस्थांच्या इतिहासात ‘मंजूर’ आणि ‘मिळाले’ या दोन शब्दांमधले अंतर इतके स्पष्ट क्वचितच मोजले गेले असेल.

घंटागाडीच्या प्लगची त्या ओंजळीशी तुलना करण्याचे धाडस मी करणार नाही. तिथे माणूसपण पणाला लागले होते. इथे एका व्यवस्थेतली सोय-गैरसोय होती. तरीही घंटागाडीवर काम करणारी माणसे बहुतांशी कोणत्या समाजांतून येतात हे आपल्या शहरांत कोणाला सांगावे लागत नाही, आणि ‘द्वितीय टप्पा’ नेहमी कोणाच्या वाट्याला येतो हेही नाही. महाडने मला एवढेच शिकवले की सार्वजनिक गोष्टीचा ठराव झाला म्हणजे ती सार्वजनिक झाली असे नव्हे. तिच्यापर्यंत कोणाचा हात आधी पोहोचतो हे पाहावे लागते. विहीर असो, तळे असो, की ६० किलोवॉट.

या बदलात एक गोष्ट हरवते आहे, तिचीही नोंद करायला हवी. डिझेलच्या गाडीबरोबर लॉगबुक असे. निघतानाचे किलोमीटर, परतल्याचे किलोमीटर, भरलेले डिझेल, प्रवासाचे प्रयोजन, अधिकाऱ्याची सही. नव्या व्यवस्थेत हे सारे यंत्र स्वतः नोंदवते. जुनी लॉगबुके भंगारात निघाली तेव्हा मी काही चाळली. २६ जुलै २००५, ज्या दिवशी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलीमीटर पाऊस पडला, त्या दिवशीच्या पानावर एका चालकाने प्रयोजनाच्या रकान्यात लिहिले होते, ‘पाणी. माणसे आणली.’ किलोमीटरचा रकाना कोरा होता. यंत्राने किलोमीटर नक्की नोंदवले असते. प्रयोजन नोंदवले नसते. चालकांच्या या नोंदी कोणी वाङ्मय म्हणून वाचल्या नाहीत, वाचाव्यात असा आग्रहही नाही. पण मराठीत श्रमिकांचे लेखन शोधताना आपण आत्मचरित्रांपाशी थांबतो. काही माणसांनी आयुष्यभरात लिहिलेले सारे गद्य अशा रकान्यांत गेले आहे.

पुढचे सांगायचे तर, तीन महिन्यांचा प्रयोग अकरा महिने चालला, कारण रोहित्र यायला तेवढा वेळ लागला. या काळात चौदा उभ्या गाड्या रस्त्यावर आल्या. मोटारींची गैरसोय झाल्याच्या नोंदी पहारेकऱ्याच्या वहीत पाच आहेत. पाचही वेळी घंटागाडी नंतर पुन्हा लावली गेली. नवे रोहित्र आल्यावर चेंजओव्हर स्विच काढून टाकला. आता सगळ्यांना सगळ्या वेळी वीज मिळते आणि क्रमाचा प्रश्न उरलेला नाही; किंबहुना तो दिसेनासा झाला आहे. छत मात्र अजून मोटारींच्या बाजूलाच आहे. घंटागाड्यांच्या प्लगांवर पत्र्याच्या पेट्या आहेत, आणि पावसाळ्यात चालक छत्री धरून गाडी लावतात. त्या छताचा प्रस्ताव मी दोनदा पाठवला आहे. तो ‘द्वितीय टप्प्यात’ आहे.

मंडणगडच्या तालुक्याच्या गावाला आता नगरपंचायत आहे. तालुक्यात रेल्वेचे स्थानक नाही. कोकण रेल्वे खेडवरून जाते आणि मुंबई-गोवा महामार्ग महाड-पोलादपूर-खेड असा आम्हाला बाजूला ठेवून जातो. राज्याच्या २०२५ च्या नव्या धोरणात राष्ट्रीय महामार्गांवर दर २५ किलोमीटरला चार्जिंगची सोय करण्याचे उद्दिष्ट आहे. महामार्ग जिथून जात नाही तिथे २५ किलोमीटर कोठून मोजायचे, हे आमच्याकडच्या माणसाला आपोआप सुचणारे गणित आहे. गुरुजींनी ते फोनवर विचारलेच. आणि त्याहून अवघड प्रश्नही विचारला : ‘पुन्हा वादळ आले तर? डिझेल कॅनमधून आणता येते. वीज कशातून आणणार?’

याचे सोपे उत्तर माझ्याकडे नाही, पण अर्धे उत्तर गणितात आहे. घंटागाडीच्या बॅटरीत १० युनिट वीज असते. एक फोन भरायला साधारण १५ वॉट-तास लागतात. म्हणजे गळती वजा जाता एका भरलेल्या घंटागाडीवर पाचशेहून अधिक फोन भरतील. निसर्ग वादळानंतरच्या आमच्या वाडीला तेवढे कित्येक दिवस पुरले असते. त्यासाठी गाडीतून वीज बाहेर काढण्याची सोय हवी, जी प्रत्येक गाडीत नसते. ती गाडी भरायला पालिकेच्या छपरावर सौर पत्रे हवेत. आणि खरेदीच्या अटींत हे सारे आधीच लिहिलेले हवे. छोट्या गावाने मोठ्या शहराची निविदा जशीच्या तशी उचलली तर हे कलम त्यात नसेल, कारण ते ज्यांनी लिहिले त्यांच्या शहरात महिनाभर अंधार झालेला नसतो. गुरुजींना मी एवढेच म्हटले की तुमच्याकडे गाडी येईल तेव्हा ती केवळ भार घेणारी नसावी, वेळ आली तर भार देणारीही असावी. ते म्हणाले, ‘मग तिला आभार म्हणायचे की काय?’

मी हसले, पण शब्द बरा आहे. जे घेतले त्याची जाणीव ठेवून परत देणे, असा काहीसा अर्थ आपण त्याला व्यवहारात देतच असतो. निविदेच्या भाषेत तो बसणार नाही. तिथे ‘द्विदिश विद्युतपुरवठा’ असे काहीतरी लिहावे लागेल, आणि तेही तांत्रिकदृष्ट्या.